गोष्टीचे नऊ टप्पे आणि एक दंतवैद्य

सरांना शनिवारी दुपारी चार वाजता फक्त बारा मुलं हवी होती. चौतीस वर्षं ज्या माणसानं पन्नास-पन्नास पोरांचे वर्ग एका नजरेनं गप्प बसवले, त्याला बारा मुलं म्हणजे किस झाड की पत्ती, असं कुणालाही वाटेल. पण शाळेतली मुलं पालकांनी पाठवलेली असतात आणि वाचनालयातली मुलं आपणहून आलेली असतात. हा फरक सरांना निवृत्तीनंतर कळला, आणि तो जरा लागलाच.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत सरांचा 'गोष्टीचा तास' चालायचा. त्या खोलीच्या दारावर एका सोमवारी नोटीस लागली: सलग तीन शनिवार बारापेक्षा कमी बालवाचकांच्या सह्या झाल्यास सदर खोली 'पडदे व गृहसजावट वर्गा'स देण्यात येईल. सरांनी ती नोटीस दोनदा वाचली. एकदा मजकुरासाठी, एकदा शुद्धलेखनासाठी. शुद्धलेखनात एकही चूक सापडली नाही, त्यामुळे त्यांना जास्तच वाईट वाटलं.

"माझ्या हातात काही नाही, सर," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "समितीचा ठराव आहे."

"समितीत कोण कोण आहे?"

"मी आहे. बाकी दोन जागा रिकाम्या आहेत."

"मग ठराव मांडला कुणी?"

"मी मांडला. विरोध कुणी केला नाही."

पहिल्या शनिवारी सात मुलं आली. त्यातलं एक चुकून आलं होतं, पण बाहेर ऊन होतं म्हणून बसून राहिलं. सरांनी त्यांची हातखंडा गोष्ट काढली. पोरका मुलगा, जंगलातला म्हातारा, हरवलेली तलवार. गोष्ट रंगात आली तेव्हा पहिल्या रांगेतली ठिपकी म्हणाली, "सर, हे तर 'नववं दार' आहे."

ठिपकी आठ वर्षांची. नाकावर शाईचे शिंतोडे उडावेत तसे तीळ, म्हणून ठिपकी.

"कुठलं दार?" सरांनी विचारलं.

सातही मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. घरातल्या आजारी माणसाला खरं सांगायचं की नाही, असं विचारताना मोठी माणसं पाहतात, अगदी तसं.

'नववं दार' म्हणजे काय ते सरांना शेजारच्या औषधवाल्यांनी सांगितलं. औषधवाले रोज सकाळी सरांचं वर्तमानपत्र सरांच्या आधी वाचायला यायचे आणि जाताना सल्ला देऊन जायचे. "सर, अहो सगळं जग बघतंय ती मालिका. पाच भाग झाले, शेवटचा सहावा येत्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी येणार. माझ्याकडे लोक खोकल्याचं औषध घेतात आणि मध्येच विचारतात, तुम्हाला काय वाटतं, वजीर फितूर आहे का?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"मी सांगतो, जेवणानंतर दोन चमचे." औषधवाल्यांनी पेपरची घडी घातली. "माझं ऐका. मुलांना जे आवडतं तेच शिकवा. मी गोळ्यासुद्धा चॉकलेटचा वास असलेल्याच ठेवतो."

सल्ला सरांना पटला नाही, पण रुचला. त्यांनी पाचही भाग सहा दिवसांत पाहिले. पाहिले म्हणजे वही-पेन्सिल घेऊन पाहिले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, शेजारी बसून भाजी निवडत होत्या.

"पेपर तपासल्यासारखं काय बघताय?" काकू म्हणाल्या. "जरा नुसतं बघा की."

"थांब गं. बघ, हा मुलगा पोरका. याला निरोप येतो. हा आधी नाही म्हणतो. मग त्याला दिवा घेतलेला म्हातारा भेटतो. अगं, ही तीच गोष्ट आहे. हजारो वर्षं माणसं हीच एक गोष्ट सांगतायत, फक्त घोड्याच्या जागी उडणारं यान आलंय."

"मग तुम्ही सांगायचात तेव्हा मुलं का येत नव्हती?"

सरांनी वहीचं पान उलटलं.

मात्र त्यांना मनापासून आनंद झाला होता. ज्यानं आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवलं, त्याला एवढ्या गाजलेल्या मालिकेच्या पोटात व्याकरण सापडलं होतं. त्यांनी जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे, पट्टीनं रेघा मारून, लाल आणि निळ्या शाईत तक्ता तयार केला. शीर्षक दिलं: 'वीराच्या गोष्टीचे नऊ टप्पे'. एक, पोरका मुलगा. दोन, निरोप येतो. तीन, वीर नकार देतो. चार, गुरू भेटतो. पाच, उंबरठा ओलांडतो. सहा, सोबती आणि वैरी. सात, गुरू जातो. आठ, मोठं संकट. नऊ, वीर घरी परततो. खाली बारीक अक्षरात टीप: 'टप्पे पाठ करावेत.'

दुसऱ्या शनिवारी दहा मुलं आली. सात अधिक तीन, म्हणजे प्रगती होती. पण बारातून दहा वजा केले की दोन उरतात, आणि सह्यांच्या वहीत उरलेल्या दोन रिकाम्या ओळी सरांना बसल्या जागेवरून दिसत होत्या. त्या दिवशी ठिपकीला सोडायला तिची आत्या आली होती. ती मागच्या बाकावर बसून राहिली. आत्या दंतवैद्य होती. मागच्याच महिन्यात तिनं सरांची दाढ काढली होती, गाणं गुणगुणत, अर्ध्या तासात, आणि काढून झाल्यावर ती दाढ त्यांना कौतुकानं दाखवलीही होती.

सरांनी तक्ता टांगला. छडीऐवजी छत्रीनं एकेक टप्पा दाखवत समजावला. मुलं कधी नव्हे ती डोळे विस्फारून ऐकत होती. ज्या गोष्टीवर आपण वर्षभर भांडतोय तिला हाडं असतात आणि ती मोजता येतात, हे त्यांना नवीनच होतं.

"सर, मग शेवटच्या भागात काय होणार?" एकानं विचारलं.

इथे सरांनी थांबायला हवं होतं. पण वर्गात प्रश्न आला आणि उत्तर ठाऊक असलं की शिक्षकाला थांबता येत नाही. त्याला तो आजारच असतो.

"बघा बरं. सहा टप्पे झालेत. सातवा राहिलाय. सातवा काय आहे?"

"गुरू जातो," मुलं एका सुरात म्हणाली.

"कुठे जातो?" ठिपकीनं विचारलं.

"मरतो," सर म्हणाले, अगदी प्रेमानं. "मरावंच लागतं त्याला. गुरू जिवंत असेपर्यंत वीर प्रत्येक वळणावर मागे वळून त्याच्याकडे बघतो. मागे कुणी उरलं नाही की मग तो पुढे बघायला शिकतो. दिवेवाले आजोबा या भागात जाणार. लिहून घ्या."

दहा पेन्सिली चालू लागल्या. मागच्या बाकावर मात्र दंतवैद्य आत्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुसऱ्याच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालणारी बाई, तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मग तिनं फोन काढला आणि तक्त्याचा फोटो घेतला. सरांना वाटलं, भाचीच्या अभ्यासासाठी घेतला असेल. त्यांनी तक्ता नीट दिसावा म्हणून छत्री बाजूलाही केली.

आता सरांना हे ठाऊक नव्हतं, की 'नववं दार'च्या भक्तांची एक संघटना आहे, ते स्वतःला 'द्वारपाल' म्हणवतात आणि दंतवैद्य आत्या त्यांची प्रमुख आहे. रविवारी सकाळी फोटो द्वारपालांत फिरला, तेव्हा खाली लिहिलं होतं: एका वयोवृद्ध जाणकाराकडून. सोमवारी ते 'मालिकेच्या लेखकांच्या माजी गुरूंकडून' असं झालं. मंगळवारी औषधवाले आले तेव्हा त्यांनी पेपरला हातसुद्धा लावला नाही.

"सर, मला सांगायचंत तरी. एवढा शेजार आपला."

"काय सांगायचं?"

"की मूळ गोष्ट तुमची आहे. त्या लोकांनी तुमच्याकडून घेतली."

"अहो, मी हे कधी म्हटलं?"

"नाहीच म्हणणार तुम्ही. करार असेल तसा." औषधवाल्यांनी आवाज खाली आणला. "फक्त एवढं सांगा. वजीर?"

बुधवारी शिष्टमंडळ आलं. पाच जण, अंगावर करडे झगे, हातात काचेचे छोटे दिवे. त्यातला एक सरांच्या ओळखीचा निघाला. टपाल कार्यालयात तो वजनकाट्यावर बसायचा. काकूंनी सगळ्यांना चहा दिला आणि आत येऊन सरांच्या कानात म्हणाल्या, "झगे घालायचे तर घालू देत, पण ते पायपुसण्यात अडकतायत. एखादा पडला तर आठवा टप्पा आपल्याच घरात व्हायचा."

"आमची एकच विनंती आहे," टपालवाला म्हणाला. "सातवा टप्पा मागे घ्या."

"मागे घ्या म्हणजे?"

"तक्त्यातून काढा. आठ टप्पे ठेवा. आम्ही त्या आजोबांबरोबर अख्खं वर्ष घालवलंय. माझे सख्खे आजोबा गेले तेव्हा मी कामावर होतो. यांच्या वेळी तरी..." त्यानं बशीत चहा ओतला.

सरांनी त्यांना समजावलं. पुन्हा समजावलं. चौतीस वर्षांत त्यांना समजावूनही न समजणारा विद्यार्थी भेटला होता, पण समजून घेऊन रडणारा भेटला नव्हता. शेवटी त्यांनी वाचनालयाच्या फलकावर चार मुद्द्यांचा जाहीर खुलासा लावला, की आपला मालिकेशी काडीचाही संबंध नाही आणि तक्ता हा निव्वळ शैक्षणिक साधन आहे. खुलासा नऊ टप्प्यांच्या माणसानं चारच मुद्द्यांत का लिहिला, उरलेले पाच कुठे दडवले, यावर द्वारपालांत दोन दिवस चर्चा झाली.

आणि शुक्रवारी शेवटचा भाग आला.

सरांनी तो काकूंबरोबर पाहिला. वही नव्हती. दिवेवाले आजोबा मेले नाहीत. मेला तो वीर, तोही आठव्या मिनिटाला, जिन्यावरून घसरून. मग वजिरानं दार उघडलं, दारापलीकडे दुसरं दार होतं, आणि आजोबांनी त्या दारापुढे खुर्ची टाकून शेंगदाणे सोलत बसायला सुरुवात केली. तिथे मालिका संपली.

"चुकलात की हो," काकू म्हणाल्या.

सरांनी टीव्ही बंद केला. उद्या तिसरा शनिवार, बारा सह्या हव्यात, आणि मुलांना आपण ठामपणे चुकीचं लिहून दिलंय, हे त्यांना फार लागलं. फळ्यावरची चूक पुसता येते. वहीतली मुलांच्या घरी जाते.

शनिवारी ते वाचनालयात पोचले तेव्हा दारापासून रांग होती. झगे, दिवे, चिकटवलेल्या दाढ्या. सरांना वाटलं, आता मार. पण रांग दुभंगली, कुणीतरी त्यांच्या हातातली छत्री आदरानं घेतली आणि त्यांना वर नेलं. खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. दंतवैद्य आत्या पुढे आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"सर, त्यांनी चूक केली."

"कुणी?"

"मालिकावाल्यांनी. तुमचा तक्ता बरोबर होता. त्यांना शेवट जमला नाही. आम्ही काल एकमतानं ठरवलंय, तो सहावा भाग आम्ही मानत नाही. खरा शेवट तुम्ही सांगायचा."

"पण तुम्हीच बुधवारी म्हणत होतात, सातवा टप्पा काढा."

"तेव्हा आम्हाला दुसरा पर्याय किती वाईट असतो हे माहीत नव्हतं," टपालवाला मागून म्हणाला.

ग्रंथपाल बाई गर्दीतून वाट काढत आल्या. त्या एवढ्या खुशीत सरांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "सर, त्रेसष्ट जण. आपल्या वाचनालयाचा उच्चांक आहे. समितीनं आत्ताच ठराव केला. खोली दर शनिवारी 'द्वारपाल अभ्यास मंडळा'ला. तुम्ही कायमचे मार्गदर्शक."

"आणि पडदे वर्ग?"

"तो रद्द. पडदे कोण बघतंय आता."

कुणीतरी सरांच्या खांद्यावर करडा झगा टाकला. तो त्यांना बरोबर बसला, हे जरा अवघडच झालं. समोर त्रेसष्ट माणसं, त्रेसष्ट वह्या, एकही जण खिडकीबाहेर बघत नाही, एकही जण शेजाऱ्याला टोचत नाही. चौतीस वर्षं ज्या वर्गाचं स्वप्न पाहिलं तो वर्ग निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी भरला होता. माणसाला मोह होतो. सर माणूस होते. त्यांनी घसा साफ केला.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "गुरूला पहाटेच जाग आली. आज आपला शेवटचा दिवस आहे हे त्याला ठाऊक होतं."

खोलीत कुणीतरी हुंदका दिला. पेनं सरसरली. पेनांची ती सरसर ऐकून सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "तो उठला. त्यानं दिव्यात तेल घातलं..."

"किती?" टपालवाल्यानं विचारलं.

"पुरेसं."

"पुरेसं," त्रेसष्ट जणांनी लिहिलं.

तेवढ्यात दारातून, कुणाच्या तरी कोपराखालून, नाकावर तीळ असलेला चेहरा आत आला. "सर, आम्हाला वर येऊ देत नाहीयेत. आमच्या सह्या राहिल्यात."

सरांनी सह्यांची वही मागवली. वहीत त्रेसष्ट सह्या होत्या: 'राखेचा पहारेकरी', 'उत्तरेची सावली', 'वजिराचा डावा हात'. बालवाचक एकही नव्हता.

"मुलं कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"जिन्यात आहेत," आत्या म्हणाली. "त्यांचं नंतर घेऊ ना, सर. तुम्ही तेल घालत होतात."

"बारा जणांच्या सह्या हव्यात."

"सर, आता नकोत त्या," ग्रंथपाल बाई हसून म्हणाल्या. "खोली मंडळाची झाली. गोष्टीचा तास तसाही बंदच झाला म्हणायचा. काळजी मिटली तुमची."

सर क्षणभर झगा धरून उभे राहिले. समोर त्यांच्या एकेका शब्दाची वाट बघणारा, दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाला हेवा वाटेल असा वर्ग. दारात एक मुलगी, जिनं मागच्या शनिवारी त्यांचं चुकीचं उत्तर सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं होतं.

"मला जायला हवं," सर म्हणाले.

पेनं थांबली. मग दंतवैद्य आत्या हळूच, थरथरत्या आवाजात म्हणाली, "सातवा टप्पा."

त्रेसष्ट माणसं उभी राहिली. दिवे वर झाले. गर्दीत आपोआप वाट झाली. सर त्या वाटेनं दाराकडे निघाले तेव्हा कुणी त्यांच्या झग्याला हात लावला, कुणी मान खाली घातली. "अहो, मी फक्त खाली चाललोय," सर म्हणाले. "तोही हेच म्हणाला असता," टपालवाला डोळे पुसत म्हणाला. एकानंही त्यांना थांबवलं नाही. त्यांच्याच तक्त्यात थांबवणं कुठे लिहिलेलं नव्हतं.

जिन्यात अकरा मुलं पायऱ्यांवर पसरली होती. सरांनी मोजली, पुन्हा मोजली, अकराच. मागोमाग ग्रंथपाल बाई आल्या.

"अकरा झाली तरी काय आणि बारा झाली तरी काय," सर म्हणाले. "खोलीच नाही."

"खोली नाही, म्हणजे बाराची अटही नाही, सर. ती खोलीपुरती आहे." ग्रंथपाल बाईंनी मान तिरकी केली. मोठ्या कर्तबगार बाई होत्या त्या, पण एके काळी त्यांनीही चौथीत सरांकडून शुद्धलेखन तपासून घेतलं होतं. "जिन्यात कार्यक्रम करायला परवानगी नाही. जिन्यात बसायला मनाई नाही. बसलेल्या माणसानं बोलू नये, असा ठराव अजून तरी झालेला नाही. विरोध करायला मी समितीत आहेच." आणि त्या वर गेल्या.

सर कठड्याला धरून मधल्या पायरीवर बसले. अंगावरचा झगा काढून त्यांनी खाली अंथरला. दगड गार होता.

"मुलांनो, आधी एक काम. मागच्या शनिवारी मी चुकीचं सांगितलं. गुरू मेला नाही. सातव्या टप्प्यापुढे प्रश्नचिन्ह काढा."

मुलांनी पायऱ्यांवर वह्या ठेवून प्रश्नचिन्हं काढली. ठिपकीनं दोन काढली.

"मग गुरूचं काय होतं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही. बहुतेक त्याचे गुडघे दुखतात आणि तो बसतो. बाकीचे पुढे जातात. तो मागे बसलेला असतो, म्हणून पुढे काय झालं ते त्याला कळत नाही. कुणीतरी परत येऊन सांगावं लागतं."

अकराही मुलांना पुढे काय झालं ते ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला वेगळं ठाऊक होतं. ती एकदमच बोलू लागली. वीर घसरला पण मेला नाही. घसरला तो तळघरात, तिथे दहावं दार होतं. नाही, तिथे वजिराची आई होती, आणि ती फार रागावलेली होती. सर एकाकडून दुसऱ्याकडे मान वळवत होते. त्यांच्याजवळ छत्री नव्हती, ती वरच राहिली होती, त्यामुळे कुणाला गप्प करता येत नव्हतं.

वरचं दार किलकिलं झालं. टपालवाला बाहेर डोकावला, डोळे लाल, हातात दिवा.

"जरा हळू बोलाल का," तो म्हणाला, "आत श्रद्धांजली चालू आहे. दोन मिनिटं उभे आहोत सगळे." त्याची नजर सरांवर गेली, थबकली, आणि मग आदरानं बाजूला वळली. दार पुन्हा लागलं.

"कोण वारलं, सर?" जिन्याच्या तळाशी बसलेल्या मुलानं विचारलं.

"मी," सर म्हणाले. "म्हणून जरा हळू आवाजात सांगा. वजिराची आई का रागावली होती?"